नागूबाईंचा मुक्काम

तंबाखूच्या डबीत उरलेल्या गोळ्या. लाल, पांढऱ्या, एक निळी.

बेंबळीच्या शिवारात खतासाठी बसवलेली मेंढरं.

कागदावर बारा औषधांची नावं. अकरांपुढं 'आर', एकापुढं 'एस'.

"सिस्टर, मेंढीला टोचताना म्या येवढा येळ लावत न्हाय."

सगळं नागूबाईंचं. डबी त्यांची, मेंढरं त्यांची, कागद त्यांच्या लघवीच्या तपासणीचा. आवाजही त्यांचाच, धाराशिवच्या दवाखान्यात, सात नंबरच्या खाटेवरून.

मेंढपाळांच्या तळावर कुणाला ताप आला की नागूबाई डबी उघडायच्या. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या परत डबीत. वाया कशाला घालवायच्या? स्वतःलाही तोच न्याय. या खेपेला मात्र पाठीत कळा, हुडहुडी, आणि डबीतली एकही गोळी चालेना.

"आर म्हणजे त्या औषधाला जंतू भीत नाही," मोनिका सिस्टरनं समजावलं. "एस म्हणजे अजून भितो."

"म्हंजी बाराजणांत एकच मर्द निघाला!"

शेजारच्या खाटेवरची बाई हसता हसता खोकायला लागली.

तो मर्द दिवसातून तीनदा सलाइनमधून येऊ लागला. चौथ्या दिवशी ताप गेला. नागूबाईंनी घोंगडी गुंडाळली, चपला घातल्या.

"निघाले."

"मावशी, डॉक्टरांनी दहा दिवस सांगितलंय."

"ताप गेला की! ऱ्हायलेलं बाटलीत भरून दे. कुणाला तरी लागंल."

"आत्ता सोडलं तर उरलेले जंतू यालाही न भ्यायला शिकतील. मग माझ्याकडं तेरावं औषध नाही."

तेवढ्यात त्यांचा लेक मल्हार भाकरी घेऊन आला. "आय, उद्या कळप लोहाऱ्याकडं हलवायलोय. हितला चारा सरला. चल."

नागूबाई खाटेच्या कडेला बसल्या. चपला पायातच.

"मल्हाऱ्या, गेल्या साली लांडग्याला धोंडा मारून लंगडा केलतास. फुडं काय झालं?"

"त्येचं आता काय?"

"सांग की."

"शाना झाला. कुत्र्यास्नी झुलवून तीन कोकरं न्हेली."

"व्हय." त्यांनी एक चप्पल काढली. "तू जा मेंढरं घिऊन. लंगड्या मेंढीला मधी घाल. आन् तुझ्या बाला सांग, कालवणात मीठ बघून टाक म्हनावं."

"तुझ्याबिगर?"

"तुझी आय काय मेंढी हाय व्हय, हाकाया?"

दुसरी चप्पल निघाली. मग हात पुढं झाला. "टोच, बाय."

त्यानंतर रोज संध्याकाळी फोन यायचा. नागूबाई आधी मेंढरांचं बें-बें ऐकायच्या, मग मल्हारशी बोलायच्या. आवाज मोठा ठेवल्यामुळं कळप अख्ख्या वॉर्डातून जायचा. पाचव्या खाटेवरची म्हातारी विचारायची, "आज कुठवर गेली ओ आपली मेंढरं?"

दहा दिवस भरले. तपासणीत जंतू सापडला नाही.

याआधी फक्त मल्हार जन्मला तेव्हा नागूबाई कळपापासून लांब राहिल्या होत्या, तेही दोनच दिवस.