माझी जळकी बाही

मित्रांनो, मी एक जुना अंतराळपोशाख आहे. अंतराळ मात्र मी कधीच पाहिलेलं नाही. शिवणखोलीपासून स्टुडिओतल्या सेटपर्यंत, एवढाच काय तो माझा प्रवास. तरीही कितीतरी ग्रहांची धूळ मी अंगावर घेतली आहे. ती धूळ म्हणजे चाळलेला लाकडाचा भुसा असायचा, ही गोष्ट वेगळी!

माझा जन्म शिवणकाकूंच्या हातून झाला. काकू टीव्हीच्या मालिकांचे कपडे शिवायच्या. अंतराळयानाच्या कप्तानासाठी पोशाख हवा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी एका जुन्या तंबूचं रुपेरी कापड घेतलं, त्याला प्रवासी बॅगेची चेन लावली आणि गळ्याभोवती चक्क कुकरची रिंग बसवली. छातीवरची बटणं एका बिघडलेल्या रिमोटची होती. "आता हा चंद्रावरसुद्धा उसवायचा नाही," असं म्हणून त्यांनी दातांनी दोरा तोडला. मी पहिल्यांदा आरशात पाहिलं आणि उगाचच छाती फुगवली.

मला घालणारी अभिनेत्री उंच आणि मोठी हसरी होती. सेटवर सगळे तिला कप्तान म्हणत. पुढे पुढे तर तिची आईसुद्धा फोनवर, "कप्तान जेवली का?" असंच विचारायची. आमच्या यानाचं नाव होतं 'भिंगरी'. भिंगरी प्लायवूड आणि थर्माकोलची होती. तिचे आपोआप उघडणारे दरवाजे भिंतीमागे उभे असलेले दोन गडी दोरीने ओढायचे. एक जण वेळेवर ओढायचा आणि दुसरा जांभई पूर्ण झाल्यावर. कप्तान ऐटीत चालत यायची आणि अर्ध्या दारावर नाक आपटून घ्यायची. मग नाक चोळत ती ओरडायची, "शत्रूचा हल्ला!" सगळ्या सेटची हसून मुरकुंडी वळायची.

मालिका दर शनिवारी संध्याकाळी लागायची आणि मुलं खेळ अर्धा टाकून घरी पळायची. वाहिनीच्या साहेबांचा एकच नियम होता. प्रत्येक भाग नवा कोरा पाहिजे. मागच्या भागातलं काहीही पुढे आणायचं नाही. त्यामुळे कप्तानावर काय वाटेल ते संकट यावं आणि पुढच्या शनिवारी ये रे माझ्या मागल्या! एकदा ती बर्फाच्या ग्रहावर वर्षानुवर्षं एकटी अडकली आणि पांढऱ्या केसांनी परतली. पुढच्या भागात केस काळेभोर आणि चेहरा नुकतीच आंघोळ करून आल्यासारखा. मीही फाटायचो, चुरगळायचो, हिरव्या चिकट पाण्यात भिजायचो. काकू मला धुऊन, रफू करून, इस्त्री फिरवून पुन्हा नवा करायच्या. मला ते आवडायचं. गरम इस्त्री कोणाला आवडत नाही?

सेटवर आठवणताई म्हणून एक बाई होत्या. दोन दृश्यांमध्ये तफावत पडू नये हे बघायचं, हे त्यांचं काम. आधीच्या दृश्यात ग्लास अर्धा भरलेला असेल, तर पुढच्या दृश्यातही तो अर्धाच हवा. त्या हसत हसत म्हणायच्या, "ग्लासातलं पाणी सांभाळायचं आणि माणसाचं आख्खं आयुष्य सांडू द्यायचं, अशी आपली नोकरी!"

मग आगीचा भाग आला. गोष्टीत भिंगरीच्या इंजिनघराला आग लागते. आत कप्तानाचा धाकटा भाऊ असतो. तो यानाचा इंजिनियर. कप्तान दार ओढत राहते, पण ते उघडत नाही आणि भाऊ जातो. चित्रीकरणासाठी एक छोटी खरीखुरी ज्योत पेटवली होती. कप्तान अभिनयात इतकी रंगली, की तिची डावी बाही, म्हणजे माझी डावी बाही, ज्योतीला लागली. भावाचं काम करणारा नट, जो गोष्टीत नुकताच मेला होता, तो ओलं पोतं घेऊन धावत आला आणि त्याने मला विझवलं. कप्तानाला साधा चटकासुद्धा बसला नाही. माझ्या कोपराजवळ मात्र वीतभर काळा डाग राहिला.

तो भाग पाहून घरोघरी माणसं रडली. आणि पुढच्या भागाची संहिता आली, तर त्यात भिंगरीचे लोक एका बागेच्या ग्रहावर सहलीला निघालेले! भावाचा कुठे उल्लेखही नाही. सोबत निरोप होता, पोशाखाची बाही बदला.

काकूंनी कात्री हातात घेतली, तेवढ्यात कप्तान शिवणखोलीत आली.

"काकू, थांबा जरा." तिने मला जवळ ओढलं. "काल माझी भाची मला विचारत होती, मावशी, तुझा भाऊ गेला ना? मग तू रडत का नाहीस? काय सांगू तिला?"

काकूंनी कात्री खाली ठेवली. दोघी मला घेऊन दिग्दर्शकांकडे गेल्या. त्यांना सगळे दादा म्हणत. शेजारी लेखकराव बसले होते.

"अगं, भाऊ मालिकेतला गेलाय," दादा म्हणाले. "तू कशाला जिवाला लावून घेतेस?"

"मालिकेतल्या कप्तानाच्याच जिवाला लागलंय, दादा. ती एका आठवड्यात सहलीला कशी जाईल?"

लेखकराव डोकं खाजवत म्हणाले, "खरं सांगू? मलाही सहल लिहिताना अवघडच गेलं. पण साहेबांचा नियम आहे."

साहेबांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "हसरी कप्तान पाहिजे. जमत नसेल तर दुसरी बघू."

मला तर एकच काळजी. कप्तान गेली तर भिंगरी कोण चालवणार? शेवटी कप्तानच म्हणाली, "सहलीला जाते. हसतेसुद्धा. फक्त बाही बदलू नका."

दुसऱ्या दिवशी सहलीचं चित्रीकरण झालं. कप्तान खरंच हसत होती, चेंडू झेलत होती. मग एका दृश्यात तिला यानातून पळत बाहेर यायचं होतं. वाटेत इंजिनघराचं दार लागलं. ती थबकली. संहितेत असं काही नव्हतं. तिने हात पुढे केला, पण दाराला लावला नाही. मग तिने श्वास घेतला आणि बाहेर पळाली, मित्रांमध्ये मिसळली, पुन्हा हसली. दादा 'कट' म्हणायचं विसरूनच गेले होते.

"हे कापायचं का?" कोणीतरी विचारलं.

"अजिबात नाही," आठवणताई म्हणाल्या. "दार तेच आहे. सगळं जुळतंय."

"साहेब रागावतील," लेखकराव म्हणाले.

"रागावू देत. मी बोलेन त्यांच्याशी," दादा म्हणाले आणि डोळे पुसण्यासाठी चष्मा काढला.

भाग जसाच्या तसा दाखवला गेला. साहेब रागावले, चांगले आठवडाभर रागावले. पण त्याच आठवड्यात स्टुडिओच्या फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ आले. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. त्यांच्याबरोबर त्यांची बायको होती. त्यांना कप्तानाला भेटायचं होतं.

"मीसुद्धा एक दार उघडू शकलो नव्हतो," ते म्हणाले. "खूप वर्षं झाली. लोक म्हणायचे, झालं गेलं विसरा. मग मी कधी बोललोच नाही."

त्यांची बायको म्हणाली, "तुम्ही दारापाशी थांबलात ना, तेव्हा मी यांना म्हटलं, अहो, तुम्हीसुद्धा आपल्या स्वयंपाकघराच्या दारात असेच थांबता. मग कुठे हे बोलायला लागले. सकाळ कधी झाली कळलंच नाही आम्हाला."

कप्तानाने त्यांचा हात हातात घेतला. माझी जळकी बाही त्यांच्या मनगटावर टेकली होती. त्यांनी ती हळूच थोपटली. खरं सांगतो मित्रांनो, कुठल्याही इस्त्रीने मला इतकी ऊब दिली नाही.

साहेबांनाही ही गोष्ट कळली. नियम रद्द केला, असं काही ते म्हणाले नाहीत. फक्त पुन्हा फोन केला नाही. लेखकराव मग मोकळेपणाने लिहू लागले. कप्तान सहली करायची, भांडायची, संकटातून मार्ग काढायची. पण इंजिनघराचं दार आलं की तिची पावलं जड व्हायची. हळूहळू ती दाराला हात लावू लागली. एका भागात ती भावाबद्दल पहिल्यांदा बोलली, तेही काय, तर तो किती बेसूर शीळ घालायचा ते! बोलता बोलता ती हसायला लागली आणि सगळी भिंगरी हसली. दुःख तिथेच होतं. आता त्याच्या शेजारी हसूही येऊन बसलं होतं.

ज्या भागात कप्तान इंजिनघरात पाऊल टाकते, त्यासाठी त्या अग्निशामक आजोबांना खास बोलावलं. त्यांना नव्या इंजिनियरचं काम दिलं. वाक्य एकच होतं, "इंजिन गार आहे, आत या." आजोबा घरून पाठ करून आले होते. कॅमेरा सुरू झाला, दार उघडलं, आणि आजोबा ठसक्यात म्हणाले, "आत गार आहे, इंजिन या!"

कप्तान हसू दाबता दाबता खालीच बसली. आजोबांची बायको कॅमेऱ्यामागून म्हणाली, "घरी तर झोपेतसुद्धा बरोबर म्हणत होते हो!" मग आजोबाच असे खदखदून हसले, की त्यांना पाहायला दोरीवाले दोघेही भिंतीमागून बाहेर आले.

पुढे मालिका संपली. मी एका कोठारात, परग्रहवासीयांच्या रबरी मुंडक्यांखाली बराच काळ पडून होतो. कसर लागली, रिंग कडक झाली. वाईट वाटायचं. मग काकूंनीच मला शोधून काढलं, उन्हात वाळवलं आणि मुलांच्या वाचनालयात दिलं. आता मी तिथल्या खुंटीवर असतो आणि ज्याला पाहिजे तो मला घालतो.

परवा मुली भिंगरीचा, म्हणजे अंतराळयानाचा खेळ खेळत होत्या. एकजण धावताना पडली, गुडघा चांगलाच खरचटला. एक मोठी मुलगी म्हणाली, "चल, दुसरा भाग सुरू! आता तुला काही झालेलं नाही." पडलेली मुलगी ओठ चावून उठायला लागली. तेव्हा मला अंगात घातलेली चिमुरडी कप्तान पुढे झाली. मी तिच्या टाचांपर्यंत लोंबत होतो.

"नाही," ती म्हणाली, "दुसऱ्या भागातसुद्धा तिचा गुडघा दुखतोय. यान हळू चालवा."

आणि मित्रांनो, यान हळू चाललं. खुर्च्यांच्या रांगेतून, पुस्तकांच्या कपाटांना वळसा घालत, लंगडणारीच्या चालीने सगळ्याजणी चालल्या. कोणाला घाई नव्हती. तुमच्या जवळचं कोणी पडलं, तर तुम्हीही असंच करा. 'विसर' म्हणू नका. थोडं हळू चाला. मला विचाराल, तर भिंगरीने इतका सुंदर प्रवास याआधी कधीच केला नव्हता.