एकशे अठराचा भाव

मामा बिस्किट चहात बुडवायचा ते पार बोटं भिजेपर्यंत, आणि मग ती बोटं ताईच्या खुर्चीच्या कापडाला पुसायचा. धाकटीला हे बघूनच कसंतरी व्हायचं. पण नात्याने मामा, वयाने मोठा, आणि भाऊजी गेले तेव्हा सगळी धावपळ यानेच केलेली. त्यामुळे धाकटी गप्प बसायची आणि तो गेल्यावर खुर्चीचं कापड धुवायला टाकायची.

"एकशे अठरा!" मामा सांगत होता. "चार वर्षांपूर्वी एकशे अठराला घेतला मी. लोक विकून पळत होते, आणि हा तुझा मामा घेत होता. आज एका रुपयाचे आठ झालेत. आठ! बँकेत ठेवलेस तर एकाचा सव्वा होईल, तोही देवाच्या कृपेने."

शेअर कुणाचा, तर ज्या कंपनीच्या अर्धवट इमारतीचा नवव्या मजल्याचा स्लॅब भाऊजींच्या अंगावर कोसळला, त्याच कंपनीचा. भाऊजी वायरमन होते. खालच्या मजल्यावर भिंतीत नळ्या टाकत होते. कंपनीने चार वर्षं ताईला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावल्या आणि गेल्या आठवड्यात एकदाची भरपाईची रक्कम तिच्या खात्यात आली. आता मामाचं म्हणणं होतं की ती सगळीच्या सगळी रक्कम त्याच कंपनीच्या शेअरमध्ये घालावी. म्हणजे ज्यांनी माणूस मारला त्यांनी पैसे दिले, आणि ते पैसे परत त्यांच्याच पदरात.

"मला नको वाटतं रे," ताई म्हणाली. "त्यांचं नाव छापलेलं दिसलं तरी मी पान उलटते."

"अगं वेडे, वैर माणसांशी करावं, पैशाशी करू नये. घरं काय लोक बांधायचे थांबणार आहेत? मोबाइलवर तुझं खातं उघडून दिलंय मी. रविवारी येतो, पैसे वळते करून टाकू. तुझ्या भल्याचंच सांगतोय."

ताईने मान डोलावली. ती दमली होती. चार वर्षं तारखा मोजल्यावर माणसाला कुणीतरी ठरवून दिलं की बरं वाटतं. शिवाय मामावर तिचा जीव होता. त्या दिवसांत कोण आलं आणि कोण नाही, हे तिने मनात पक्कं लिहून ठेवलं होतं, आणि मामाचं नाव सगळ्यांत वर होतं.

धाकटीचा मात्र मामाच्या एकाही शब्दावर विश्वास नव्हता. घरात नियमच होता, मामा सांगेल त्यातलं निम्मं वजा करायचं आणि उरेल त्याला दोनाने भागायचं. त्याने स्कूटर अर्ध्या किमतीत घेतली होती, मंत्र्याने त्याला नावाने हाक मारली होती, आणि एकदा तर त्याने म्हणे सर्जनला ऑपरेशनमधली चूक दाखवली होती. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. हा एकशे अठराही त्याच चुलीवर शिजला असणार, याची तिला खात्री होती. तो खोटा ठरवला की ताईचे पैसे वाचले.

धाकटी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायची. दुपारी गिऱ्हाईक नसताना ती मालकांच्या संगणकावर बसली आणि कंपनीचे जुने भाव काढले. प्रत्येक दिवसाची एक ओळ होती. त्या दिवशी भाव कितीला उघडला, वर कुठवर गेला, खाली कुठवर आला, कितीला बंद झाला. चार वर्षांपूर्वीच्या ओळींवर ती बोट ठेवून उतरत गेली. तीस, एकतीस, अठ्ठावीस. एकशे अठराचा मागमूस नव्हता. भावाने एकशे अठरा गाठला होता तो थेट गेल्या वर्षी, चढत्या बाजारात, जेव्हा पळून वगैरे कुणीच जात नव्हतं.

"सापडला!" ती मोठ्याने म्हणाली.

मालक काउंटरमागे जेवणाचा डबा पुसत होते. बाजारातलं त्यांना चांगलं कळायचं आणि त्याहून चांगलं सांगता यायचं. धाकटीने त्यांना मामाची बढाई ऐकवली. ते चष्मा कपाळावर सरकवून पडद्यापाशी आले.

"कुणी सांगितलं खोटं आहे म्हणून? या शेअरचे दोन वर्षांपूर्वी तुकडे केले की. एकाचे पाच. ज्याच्याकडे एक होता त्याच्याकडे पाच झाले, आणि भाव एक पंचमांश झाला. मग मागचे सगळे भावही पाचाने भागून दाखवतात. नाहीतर आलेख बघणाऱ्याला वाटेल, कंपनी एका रात्रीत बुडाली. त्या काळी बाजारात खराखुरा काय भाव होता ते हवं असेल तर पाचाने गुणायचं."

धाकटीचा चेहरा पडला. म्हणजे मामा सुटला. तरी हट्टाने तिने एकशे अठराला पाचाने भागलं. तेवीस रुपये साठ पैसे. ती पुन्हा वरपासून ओळी बघू लागली, या वेळी फक्त सगळ्यांत खालच्या भावाचा रकाना. त्या अख्ख्या वर्षात भाव सव्वीसच्या खाली उतरला होता तो एकाच दिवशी. एक बुधवार. आदल्या दिवशी एकतीसला बंद झालेला शेअर त्या सकाळी धाडकन तेवीसपर्यंत आपटला होता, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सत्तावीसवर.

"बघ, एकच दिवस मिळाला होता," मालक म्हणाले. "तुझा मामा बाता मारत नाहीये. ज्याने त्या दिवशी घेतले त्याची छाती मानली पाहिजे."

भाऊजी मंगळवारी दुपारी गेले होते.

तो बुधवार धाकटीला तोंडपाठ होता. शवविच्छेदन व्हायचं होतं आणि देह ताब्यात मिळत नव्हता. हॉस्पिटलच्या बोळात लाकडी बाकावर ताई बसली होती, रडून रडून कोरडी झालेली. मामा तिच्या शेजारी. मग तो उठला, "कागदपत्रांचं बघून येतो," म्हणाला आणि गेला. बऱ्याच वेळाने आला तो सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या घेऊन. तेव्हा धाकटीच्या मनात आलं होतं, बोलतो फार, पण वेळेला उभा राहतो.

ती मागच्या खोलीत गेली आणि अर्धवट राहिलेली काच घासू लागली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं ही म्हण तिने शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती. कुणी खरोखर बसून चवीने खातो हे तिला माहीत नव्हतं. आणि हा तर चार वर्षं ज्याच्या-त्याच्यापुढे ढेकर देत होता! जन्मभर खोटं बोललेला माणूस एकदाच खरं बोलला, ते हे. तिला त्याची शिसारी आली, आणि खुर्चीवरच्या त्या ओल्या बोटांच्या किळसेपेक्षा ही फार वेगळी होती.

रविवारी मामा आला, खुर्चीत बसला, चहा मागितला. ताईने मोबाइल समोर ठेवला.

"मामा," धाकटी म्हणाली, "एकशे अठराला तू नक्की कोणत्या दिवशी घेतलास?"

"आल्या वकिलीणबाई! कोणत्या दिवशी म्हणजे? मंदी होती तेव्हा."

"मंदी एकच दिवस होती. भाव एकशे अठरावर आला तो फक्त बुधवारी. भाऊजी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू कागदपत्रांचं बघायला गेला होतास ना, तेव्हा."

मामाने बिस्किट बुडवलं. ते मऊ होऊन कपात पडलं, तरी तो रिकामी बोटं चहात धरून बसला.

"ताई, ऐकतेस ना?" धाकटीचा आवाज चिरकला. "भाऊजी आत पडले होते, आणि हा बाहेर जाऊन त्यांच्या मरणावर भाव उतरलाय म्हणून शेअर घेत होता!"

"हळू बोल, शेजारीपाजारी आहेत," मामा म्हणाला, आणि मग त्याला सूर सापडला. "घेतले! चोरी केली का मी? स्लॅब मी पाडला? मी बाकावर छाती पिटत बसलो असतो तर तो उठून आला असता? नंतर आलोच ना परत? खांदा दिला ना? मी नसते घेतले तर दुसऱ्या कुणीतरी घेतले असते, आणि त्याने तुम्हाला पाण्याची बाटलीसुद्धा आणून दिली नसती."

सगळ्यांत वाईट म्हणजे यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. धाकटी त्याच्या हनुवटीवरच्या ओल्या चुऱ्याकडे बघत राहिली, आणि हा आपला सख्खा मामा आहे, आपल्या आईचा भाऊ आहे, याचीच तिला लाज वाटली.

ताईचं लक्ष धाकटीकडे नव्हतं. काहीतरी जुनं जुळवत असल्यासारखी ती मामाच्या तोंडाकडे बघत होती.

"तू मला विचारत होतास," ती म्हणाली.

"काय?"

"बाकावर. तू उठून गेलास त्याच्या आधी. एकच मजला पडला की सगळी इमारत? बाकीच्या खांबांना तडे आहेत का? सुपरवायझर काय म्हणाला, काम बंद ठेवणार का? सगळे मला नुसते गप्प हो, गप्प हो म्हणत होते. तू एकटा विचारत होतास. मला वाटलं, यांचं कसं झालं ते तुला जाणून घ्यायचंय. मी सगळं सांगितलं. एकच स्लॅब, बाकी इमारत धड आहे, आठ दिवसांत काम सुरू करणारेत." तिने मोबाइल पालथा ठेवला. "मला इतकं बरं वाटलं होतं रे तेव्हा. चार वर्षं मी तेवढं एक आठवून झोपायचे."

मामाचा चेहरा क्षणभर उघडा पडला. धाकटीला वाटलं, आता तरी हा खाली मान घालेल. त्याने तोंड पुसलं.

"अगं, पण तू सांगितलंस ते अगदी बरोबर निघालं की," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरचं कौतुक होतं. "आठ दिवसांत काम सुरू झालं."

ताई उठली आणि तिने दार उघडलं. मामाला आधी वाटलं हवा यावी म्हणून उघडलं, त्यामुळे तो बसूनच राहिला. तो उठेपर्यंत ताई दार धरून उभी राहिली.