टाकीचे झाकण

मी एक जुनी मोटार आहे. मित्रांनो, जवळ या, पण जरा जपून. डाव्या दाराचा पत्रा गंजला आहे, तो हाताला लागतो. मागच्या सीटखाली मुंगसाने संसार थाटला आहे, त्यालाही फार त्रास देऊ नका. नाशिकजवळच्या मखमलाबादच्या एका मळ्यात, करंजाच्या झाडाखाली मी उभी असते. चारही चाके मातीत रुतली आहेत. पोटात फुलांचे रिकामे क्रेट, ठिबकच्या नळ्या आणि एक मोडका फवारणीचा पंप भरला आहे. येणारे-जाणारे म्हणतात, "ही भंगारात का नाही घालत?" मी ऐकून घेते. मला आता राग येत नाही. रागवायलाही अंगात थोडी ताकद लागते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. हातोड्यांचे आवाज आणि ओल्या रंगाचा वास, एवढेच. पहिली दहा वर्षे मी गंगापूर रोडवरच्या एका वकिलांकडे होते. ते मला कोर्टात न्यायचे, परत आणायचे आणि वर खोळ घालायचे. त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही आणि मला कधी खरे कामही सांगितले नाही.

मग १९९१ साली कोंडाजी मला बघायला आला. तो झेंडू आणि शेवंती पिकवणारा माळी. गाडी बघायला आलेला माणूस आधी बॉनेट उघडतो. कोंडाजीने डिकी उघडली आणि हाताने वीत-वीत मोजून आत किती करंड्या बसतील याचा हिशेब केला. त्याची बायको मालनबाई बाजूला उभी होती. ती म्हणाली, "माणसं कुठं बसायची?" कोंडाजी म्हणाला, "फुलांच्या वर." मला तेव्हाच कळले की आपले सुखाचे दिवस संपले. आणि खरे सांगते, मला त्याचे बरेच वाटले.

रोज सकाळी झेंडूच्या करंड्या घेऊन मी फुलबाजारात जायची. माझ्या सीटांना, छताला, अगदी चाकांच्या कप्प्यांनाही शेवंतीचा वास लागला. गल्लीतली माणसे म्हणत, "कोंडाजीची गाडी आली, वासावरून कळतं." एवढे कौतुक मला वकिलांच्या दारात दहा वर्षांत मिळाले नव्हते. कोंडाजीच्या एकुलत्या एक लेकीचे, सुवर्णाचे लग्न झाले तेव्हा तिची पाठवणी माझ्यातूनच झाली. मालेगावपर्यंत ती मागच्या काचेतून वळून बघत होती. तिचे सासर तिथले. नवरा संतोष कापडाच्या दुकानात कामाला, आणि सासू लंकाबाई घरात सगळ्यांना धाकात ठेवणारी.

आता मित्रांनो, माझ्या दुखण्याकडे येते.

१९९७ च्या पावसाळ्यात कोंडाजीला काळजी लागली की मी उघड्यावर उभी असते, तेव्हा माझ्या टाकीत पाणी शिरेल. या लोकांची एक सवय असते. औषधाच्या बाटलीला बूच लावताना खाली प्लॅस्टिकचा तुकडा घालायचा, म्हणजे सांडत नाही. रॉकेलच्या डब्याला तेच, तेलाच्या कॅनला तेच. कोंडाजीने युरियाच्या गोणीतले प्लॅस्टिक कापले, माझ्या टाकीच्या तोंडावर ताणून बसवले, गजऱ्याच्या दोऱ्याने चार वेढे देऊन आवळले आणि वरून झाकण घट्ट फिरवले. मग हात झटकून म्हणाला, "आता थेंब जायचा नाय."

थेंब गेला नाही हे खरे. पण हवाही जाईना. टाकीतले पेट्रोल खाली जाते, तेव्हा त्याची जागा घ्यायला बाहेरची हवा आत यावी लागते. त्यासाठीच झाकणाला सुई जाईल एवढे भोक असते. ते भोक आता बुजले होते. टाकी अर्धी रिकामी असली की आतल्या हवेवर निभायचे. बाजार जवळ, पेट्रोल थोडे, त्यामुळे रोजच्या खेपेला काही व्हायचे नाही. पण लांबच्या गावाला निघताना कोंडाजी टाकी काठोकाठ भरायचा आणि प्लॅस्टिक पुन्हा नेमाने आवळायचा. मग आत हवेला जागाच उरायची नाही. तीस-चाळीस किलोमीटर झाले की माझा घसा सुकायचा.

आणि लांबचे गाव म्हणजे त्यांना एकच होते. मालेगाव.

पहिल्यांदा झाले ते पिंपळगावच्या पुढे. मी चांगली धावत होते. एकाएकी अंगातले बळ गेले. इंजिन खोकले, पुन्हा धरले, पुन्हा खोकले. कोंडाजी घाबरला आणि त्याने अ‍ॅक्सिलेटर तळापर्यंत दाबून धरला. मित्रांनो, पोटात अन्न नसलेल्याला पळ पळ म्हणून काय उपयोग? माझ्यात जी थोडी गती उरली होती, तेवढ्यात त्याने मला कडेला घ्यायला हवे होते. तो तिथेच झटत बसला आणि मी भर रस्त्यात थांबले. मागून ट्रक हॉर्न वाजवत अंगावर आला. मालनबाई ओरडली, "अहो, कडेला घ्या आधी! गाडीला मागनं बोला." चौघा वाटसरूंनी ढकलून मला बाजूला नेले. कोंडाजीने उतरून माझ्या बॉनेटवर जोरात थाप मारली. मला लोखंडाचे अंग असूनही ती लागली.

वीस मिनिटांनी हवा कुठून तरी झिरपत आत गेली आणि मी मुकाट्याने सुरू झाले.

पुढचे वर्ष फार थकवणारे गेले. सातपूरला सावळीराम मिस्तरी म्हणून एक जाणता माणूस होता. त्याने माझे प्लग बदलले, पॉइंट बदलले, कॉइल बदलली. कार्बोरेटर तीनदा खोलून धुतला. मग मला सातपूरभर हिंडवून आणले. टाकीत पेट्रोल तळाशी, मी छान पळाले. सावळीरामने हात टेकले. "कोंडाजी, गाडीत खोट नाय. तुझ्याच मनात हाय." पुढच्या खेपेला मालेगावच्या वाटेवर मी पुन्हा बंद पडले. बंद पडल्यावर लगेच झाकण उघडून बघायचे कोणाच्या मनात आले नाही. न दुखणाऱ्या जागी औषध घेऊन घेऊन मी दमून गेले होते, आणि टाकीला तोंड असूनही मला बोलता येत नव्हते.

मळ्यात चेष्टा सुरू झाली. शेजारची भागीबाई म्हणायची, "फुलबाजाराला नाचत जाती आन् लेकीच्या गावाला रुसती. हिला मालेगाव मानवत नाय." कोणी लिंबू-मिरची बांधली, कोणी नारळ फोडला. कोंडाजीने मात्र एक गोष्ट शिकून घेतली. माझा श्वास अडखळला की तो आता झटत नसे. क्लच दाबायचा, डाव्या बाजूचा दिवा लावायचा, हात बाहेर काढून मागच्याला खूण करायची आणि गती आहे तोवर मला कडेला घ्यायचे. मालनबाई उतरून चाकामागे दगड लावायची. निघताना तोच दगड उचलून लांब टाकायची, दुसऱ्या कोणाच्या चाकाखाली येऊ नये म्हणून.

अशात सुवर्णाला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे. मालनबाईने डिंक आणला, अळीव आणले, जुनी लुगडी धुऊन मऊ घड्या घातल्या. सातव्या महिन्यात ओटी भरून लेकीला आणायला आम्ही मालेगावला गेलो. वाटेत मी दोनदा थांबले. पोचायला दुपार झाली.

लंकाबाई उंबऱ्यातच उभी होती. "हाई गाडी नही, खटारा शे," ती म्हणाली. "मी मनी सून हाई गाडीमा धाडाव नही." सून या गाडीत पाठवणार नाही, बाळंतपण इथेच होईल, असे तिचे म्हणणे. तिचे अगदीच चुकत नव्हते. आग्रा रोडवरचे ट्रक तिने बघितले होते. दाराआडून सुवर्णा आईकडे बघत होती. तिला काय हवे ते डोळ्यांत दिसत होते, पण सासूपुढे बोलायची तिची हिंमत नव्हती.

शेवटी संतोषने मधला मार्ग काढला. तो मोटारसायकलवर आमच्या मागे नाशिकपर्यंत येणार. गाडी नीट गेली तर ठीक. वाटेत कुठेही बंद पडली, तर तिथूनच सुवर्णाला माघारी आणायचे. लंकाबाईने त्याच्याकडून तसा शब्द घेतला आणि मगच सुनेच्या ओटीत नारळ घातला.

निघताना कोंडाजीने टाकी पुन्हा काठोकाठ भरली. वाटेत पेट्रोल कमी नको, म्हणून. प्लॅस्टिक बसवून दोऱ्याचे त्याने दोन वेढे जास्तच दिले. मला ओरडून सांगावेसे वाटत होते की अरे, एवढा एक तुकडा काढ. पण मी फक्त हॉर्न वाजवू शकते, आणि तोही कोणी दाबला तर.

राहुडच्या घाटाच्या चढावर माझा दम संपला. मी खूप ओढून धरले. मागे सुवर्णा होती, तिच्या मांडीवर तो नारळ होता. पण ओढून किती ओढणार? कोंडाजीने दिवा लावला, हात बाहेर काढला आणि मला कडेच्या मुरमावर घेतले. मालनबाईने उडी टाकून चाकामागे दगड लावला. मागून येणारा ट्रक अंगाला वारा घालून निघून गेला. सुवर्णा सुखरूप होती. ती मात्र रडत होती.

संतोषची मोटारसायकल येऊन थांबली. त्याने स्टँड लावला. "मामा," तो म्हणाला, "माझा इलाज नाय. आईला शब्द दिलाय. सुवर्णा, चल."

कोंडाजी माझ्यातून खाली उतरला. त्याला काहीतरी करायला हवे होते म्हणून तो नुसताच म्हणाला, "पेट्रोल तरी हाय का बघ गं."

मालनबाईने झाकण फिरवले आणि ती थबकली. प्लॅस्टिक आत ओढले जाऊन वाटीसारखे खोल गेले होते. तिने दोरा तोडला, तुकडा ओढला. फुस्स करून आवाज झाला. मित्रांनो, बंद पडल्याबरोबर मिळालेला तो माझा पहिला पुरता श्वास होता.

मालनबाई त्या आवाजाने दचकली. तिने तो आधी ऐकला होता. "अहो," ती म्हणाली, "ह्यो तर आपल्या पंपाचा आवाज."

"कोणत्या पंपाचा?"

"पाठीवरच्या, फवारणीच्या! त्याच्या झाकणाचं भोक चिखलानं बुजलं की दांडा किती बी हाणा, औषध येत नाय. झाकण ढिलं केलं की असाच फुस्स करतो आन् सुरू होतो. वीस वरीस पाठीवर वागवलाय मी तो." तिने तो तुकडा कोंडाजीपुढे धरला. "तुम्ही हिचं नाक दाबून धरलंय. वरून हिलाच शिव्या देताय."

कोंडाजीने तो तुकडा हातात घेतला. "मीच?"

"तुम्हीच."

तो आत बसला, किल्ली फिरवली. वीस मिनिटे लागली नाहीत. मी पहिल्याच फेरीला सुरू झाले.

संतोषला तरी धीर होईना. "आन् पुढं परत बंद पडली तर?"

तेव्हा सुवर्णाने डोळे पुसले. नवऱ्यापुढे ती एवढे मोठ्याने कधी बोलली नसेल. "पडली तर पडू दे. जिला कारण कळतं तिच्यासंगट मी जाते. मला आईकडं जायचंय."

मालनबाईने दगड उचलून लांब टाकला आणि आम्ही निघालो. चांदवड गेले, वडाळीभोई गेले. मी थांबले नाही. पिंपळगावला संतोषने हात करून गाडी थांबवली. खिडकीशी येऊन तो म्हणाला, "मी इथनंच वळतो. घरी सांगतो, गाडी कुठंच बंद पडली नाय." मग माझ्या टपावर त्याने हळूच हात ठेवला. थाप नव्हे, हात. दोन महिन्यांनी नात जन्मली, तेव्हा दवाखान्यातून तिला मखमलाबादच्या घरी मीच आणले.

त्यानंतर मी आणखी आठ वर्षे राबले. मग पिकअप आली आणि मला करंजाखाली लावले. आता टाकीत थेंबभर पेट्रोल नाही. इंजिन कधीच गेले.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. चालता चालता कोणी मध्येच थांबले, मग ते यंत्र असो, जनावर असो की माणूस, तर आधी त्याला कडेला सावलीत घ्या. मग बघा, त्याचा श्वास कुठे अडला आहे. आणि जमले तर हेही बघा, की तिथे आपलाच हात तर नाही ना.

या दसऱ्याला दोघे मला हार घालायला आले. मालनबाईचे गुडघे गेले आहेत. बांधावर ती दोनदा थांबली. एके काळी बॉनेटवर थाप मारणारा कोंडाजी पूजेचे ताट धरून तिच्या मागे उभा राहिला. "बस जरा," तो म्हणाला. "घाई नाय." तिला दम आल्यावर ते माझ्यापाशी आले. तिने झेंडूचा हार घातला, कुंकू लावले. मग पदराला टोचलेली सुई काढली आणि दरवर्षीप्रमाणे माझ्या टाकीच्या झाकणाचे भोक साफ केले.