शब्द मुळात गोड आहे

रंगाच्या कारखान्यात छटा तपासायचं काम माझं. मी 'चालेल' म्हटल्याशिवाय एक डबा दाराबाहेर जात नसे. गेल्या आठवड्यात निळा रंग नमुन्यापेक्षा हिरवट निघाला, म्हणून मी सगळा माल अडवला. तर आमचे साहेब सगळ्या कामगारांसमोर म्हणतात कसे, "ए बिंबो, तुला काय अक्कल आहे?" वर मला पॅकिंगला धाडलं. बिंबो म्हणजे दिसायला बरी, डोक्याने रिकामी बाई. एवढं इंग्रजी मलाही येतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तक्रार केली. मालकीणबाईंच्या केबिनमध्ये चौकशी बसली. त्या, हिशेबनीस, साहेब आणि मी. साहेब शब्दकोशाची पानं छापून घेऊन आले होते. काय तर म्हणे, शब्द मूळचा इटालियन, अर्थ लहान मूल.

"लेकराला म्हणावं तसं म्हणालो हो," साहेब म्हणाले.

हिशेबनिसांना चेव चढला. "अमेरिकेत आधी दांडगट पुरुषाला म्हणायचे, बरं का. बायकांना नंतर म्हणायला लागले."

झालं. म्हणजे मी लेकरू झाले, दांडगट पुरुष झाले, फक्त माझा अपमान तेवढा झाला नव्हता. चहा आला, पुन्हा आला, आणि तिघं त्या शब्दाचं खानदान काढत बसले. तो हिरवट निळा रंग कुणाच्या गावीही नव्हता.

"मॅडम, माझ्या तपासणीच्या टेबलाचं काय?" मी विचारलं.

"मिळेल की परत," मालकीणबाई म्हणाल्या. "गैरसमज झाला, एवढं म्हणून टाका. शब्द मुळात गोड आहे."

खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, म्हणून टाकावं. त्या टेबलावर माझे केस पिकलेत. पण गोड म्हणाल्या आणि माझं डोकं फिरलं.

"गोड आहे ना? मग साहेबांनी तुम्हाला म्हणून दाखवावं."

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. ते हातातली पानं सारखी करत बसले.

मालकीणबाई हसल्या. "मला कसं म्हणतील? मी मालकीण आहे."

"मघापासून मी तेच सांगतेय," मी म्हटलं.

मी खुर्ची मागे सारली. "गैरसमज झालेला नाही," म्हणाले, आणि पॅकिंगला गेले.