रंगवलेले मैदान

२७ डिसेंबर २००८, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. अमिरातीतल्या खोर फक्कानच्या समुद्रातून नुकतेच वर आलेले ऊन सरावाच्या मैदानावर आडवे पसरले होते, आणि त्या उन्हात गुडघे टेकून पाटोळेमामा मातीतून झिरपलेल्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवत होते. डोळे मिटलेले, भुवया किंचित वर. गवयाने तंबोऱ्याचा षड्ज कानात मुरू द्यावा तसे. मग ते मिठाचा आकडा सांगत, मी माझे क्षारमापक त्याच पाण्यात बुडवी, आणि दोन्ही आकड्यांत क्वचितच अर्ध्याहून अधिक फरक पडे.

मामा कोल्हापूरचे, तरुणपणी पेठेच्या फुटबॉल संघात बचावफळीत खेळलेले, पुढे वीस वर्षे आखातातल्या गवताची निगा राखणारे. मी अबूधाबीत वाढलेली, मृदाशास्त्राची पदवी ताजी, अहवालावर सही करण्याचा अधिकार त्याहून ताजा. त्या हिवाळ्यात जागतिक मंदीने बांधकामाच्या क्रेन जागच्या जागी थिजल्या होत्या, आणि ठेकेदाराने मैदानाचे गोडे पाणी तोडून विहिरीचे मचूळ पाणी सोडले होते. सडक्या मुळांचा, कुजक्या अंड्यासारखा दर्प दवाबरोबर वर येई. मस्कतच्या आखाती चषकाला निघालेला एका शेजारी देशाचा संघ चार दिवस इथे सराव करणार होता.

त्या सकाळी मामा म्हणाले, चौदा. मापकाने दाखवले, १४.२. आठच्या पुढे या गवताला पाणी शोषणे जड जाते. तसे लिहिले तर मैदान बंद, आणि मामांचा व्हिसा रद्द. ठेकेदाराचा पुण्याचा व्यवस्थापक रुमालाने नाक झाकून सांगत होता की मॅडम, सहा लिहा, गवताला हिरवा रंग मारू, टीव्हीला काय कळतंय, खलास. पुढच्या वर्षीची सगळी मैदाने तुम्हालाच, हेही तो जाता जाता बोलला.

मामांनी नमुन्याची बाटली माझ्या हातात ठेवली. "खरा आकडा लिवा, ताई. माझं काय, मी जातो गावाकडं. पोरं पळणार हाईत ह्याच्यावर."

मी ६.२ लिहिले. मामांसाठी, असे स्वतःला सांगितले.

पाठीवर फवारणीयंत्र घेऊन रंग मामांनीच मारला. दुसरे कोणी कामावर उरले नव्हते. प्रेताच्या गालांवर लाली फासावी तसा तो हिरवा, आणि त्याचा गोडसर, मळमळवणारा वास. संघ आला. चेंडू हिरवा झाला, पांढरे मोजे हिरवे झाले. घसरून पडलेल्या एका खेळाडूने आपला तळवा सोबत्यांना दाखवला, शेजाऱ्यांच्या पाहुणचारावर काही अरबी टोमणा मारला, आणि सगळे हसले. मामा हसले नाहीत. सराव संपल्यावर ते नळाखाली बसून एकेक चेंडू घासत राहिले. त्यांच्या नखांतला रंग शेवटपर्यंत निघाला नाही.

जानेवारी सरण्यापूर्वी मैदान बंद पडले. मामांना परतीचे तिकीट मिळाले, आणि मला ती सगळी मैदाने. किळस मला व्यवस्थापकाची येते, असे मी पुष्कळ दिवस मानत होते.

१६ मार्च २०१२, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. तेच मैदान, कुंपण मोडलेले, गोलपोस्ट गंजलेले, मातीवर मिठाचा पांढरा पापुद्रा. काळाने रंग नेला होता आणि मीठ तेवढे ठेवले होते. मी गुडघे टेकले, माती पाण्यात कालवली, थेंब जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. माणूस निघून गेल्यावर त्याची लकब आपल्या अंगात कशी अपुरी, अवघडून राहते, ते तेव्हा कळले. अंदाज, वीस. मापकावर, ३१.८.