बाहीचा जोड

सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की मावशी आधी मशीनला तेल द्यायची आणि मग स्वतःला चहा. सख्खी भाची एकही नसताना अख्खी गल्ली तिला मावशीच म्हणे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक शिलाई मशीन, कापड बेतायचं लांब टेबल, खिळ्यांना टांगलेले तयार ड्रेस, आणि माणूस असतं त्यापेक्षा जरा बारीक दाखवणारा आरसा. "मुद्दाम असला आणलाय," मावशी गिऱ्हाइकांना सांगे, "शिलाईला कुणी नावं ठेवत नाही." गिऱ्हाइकं हसत, आणि आरशात पुन्हा एकदा बघून घेत.

हे सगळं आधीचं. थोरली लेक गेल्यापासून आरसा तोच आहे, पण मावशी त्याच्याबद्दल काही बोलत नाही.

त्या सकाळी नर्सबाई आली. ही बाई दवाखान्यातून निवृत्त झालेली. जिन्यावरून पडलेल्या, न्हाणीघरात घसरलेल्या, दाराला डोकं आपटलेल्या बायका तिने नोकरीभर पाहिल्या होत्या आणि एकीच्याही जिन्यावर तिचा विश्वास बसला नव्हता. निवृत्त झाल्यावर तिने गोधडी शिवायला घेतली. नवऱ्याच्या नाहीतर सासरच्यांच्या हातून गेलेल्या बायकांची गोधडी. प्रत्येकीचा एक चौकोन, तिच्या अंगावरच्या कपड्याचा, आणि त्यावर घरच्यांनी दोऱ्याने काढलेलं तिचं नाव. गोधडी नगरभवनात टांगायची, आणि बघायला येणाऱ्यांकडून जे जमेल ते घर सोडून आलेल्या बायकांच्या निवाऱ्याला द्यायचं, असं ठरलं होतं.

"मावशी, सगळ्यांचे तुकडे आले. तुमचाच राहिलाय."

"देते की."

"नावासकट?"

आतल्या खोलीतून मावशीचा नवरा खाकरला. तो घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावून बसला की भूकंप झाला तरी मान वर करत नाही, पण हे बरं ऐकू आलं. भिंग कपाळावर सरकवून तो बाहेर आला.

"तुकडा घ्या, बाई. नाव नको."

"निम्म्या गोधडीवर नाव नाही हो," नर्सबाई म्हणाली. "सगळेच म्हणतात, तुकडा घ्या, नाव नको. मग ती कुणाची गोधडी?"

"आमची दुसरी लग्नाची आहे. रविवारी माणसं येतायत. त्यांना सांगितलंय, थोरली जिन्यावरून पडली. आता हे नाव तिथे झळकलं की झालंच कल्याण!" त्याचा आवाज चढला आणि तिथेच चिरकला. "एक गेली. दुसरी तरी सुखाने नांदू दे."

वाचकहो, त्याला राक्षस समजू नका, तसं समजणं फार सोयीचं आहे. मारकुट्या नवऱ्यांना हा समाज जितका पोसतो, त्याहून जास्त अशा भल्या बापांच्या तोंडाला लावलेलं कुलूप त्यांना पोसतं. आणि तो जिना! थोरलीच्या सासरचा तो जिना माळ्यावर जायचा, आणि माळ्यावर मोडक्या खुर्चीखेरीज काही नव्हतं. भरल्या दुपारी ती तिथे कशाला चढेल, हे कुणी विचारलं नाही. पोलिसांनी नाही, शेजाऱ्यांनी नाही, आईबापांनीही नाही.

दुपारी गिऱ्हाइकांची वर्दळ कमी झाल्यावर मावशीने ट्रंकेतून थोरलीचा आकाशी ड्रेस काढला. बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा. चौकोन कुठून कापावा म्हणून तिने तो टेबलावर पसरला, उलटा केला, आणि बाहीवर तिचा हात थांबला.

बाहीला कोपराशी जोड होता. वरून कुणालाही दिसू नये असा, ठिपक्याला ठिपका जुळवलेला. ती शिलाई तिची स्वतःची होती.

तिला सगळं आठवलं. थोरली माहेरी आली होती, उन्हाने जीव नकोसा झालेल्या दिवसांत. "आई, बाह्या मनगटापर्यंत करून दे ना." "या उन्हात? डोकं फिरलंय का तुझं?" "आता तशीच फॅशन आहे गं." मग मावशीने राखून ठेवलेलं उरलेलं कापड शोधलं, जोड दिला आणि वर कौतुकाने म्हणाली, "बघ, सापडतोय का जोड!" पुढच्या खेपेला गळा बंद करून हवा होता. त्याच्या पुढच्या खेपेला ओढणी मोठी. मावशीने सगळं करून दिलं. गिऱ्हाइकाच्या दंडाचा घेर टेप न लावता सांगणाऱ्या बाईने पोटच्या पोरीची बाही वर करून पाहिली नाही.

ती खाली बसली आणि बाही मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली.

धाकटी औषधाच्या दुकानात कामाला. ती घरी आली तेव्हा आईने वर न बघता सगळं सांगितलं. धाकटीने बाही हातात घेतली, जोडावरून बोट फिरवलं आणि हुंदका आवरत म्हणाली, "मलाही दिसलं नव्हतं गं. मी तर तिला चिडवायचे, म्हातारी झालीस म्हणून."

"नाव लावायचंय मला तिचं."

धाकटीने बाही परत टेबलावर ठेवली. "आई, मला तो मुलगा आवडलाय. खरंच आवडलाय. रविवार तेवढा जाऊ दे. मग बघू."

मावशीने होकार दिला. कशाला खोटं सांगा, तिनेही मनात तेच म्हटलं होतं. मेलेलीसाठी जितीचं का मोडायचं? ती बिननावाचा चौकोन कापायला बसली, पण कात्री काही चालली नाही.

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि घरातली मोठी सून. मुलाची आई बोलकी, हसरी, आल्या आल्या आरशासमोर उभी राहून म्हणाली, "अगंबाई, मी बारीक झाले की काय!" सगळे हसले. बापाने नवा शर्ट घातला होता, मुलगा सारखा धाकटीकडे बघत होता. सगळं छान चाललं होतं. पंखा मात्र नावाला फिरत होता आणि खोलीत सगळे रुमालाने मान पुसत होते.

मुलाच्या आईने पिशवीतून ड्रेसचं कापड काढलं. "घ्या. घरातच शिवणारं माणूस असल्यावर बाहेर कशाला? फक्त बाह्या पूर्ण ठेवा हं. आमच्या थोरल्या सुनेलाही आता पूर्णच लागतात. शोभतं ते घरंदाज बाईला."

मावशीने सुनेकडे पाहिलं. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत. सून चहाचा कप घ्यायला पुढे झाली, आणि कोपराखाली मावशीला जोड दिसला. दोरा कापडाहून एक छटा गडद. टाके लहानमोठे, तिरके. शिवण न येणाऱ्या बाईने कुणी यायच्या आत घाईघाईने घातलेले.

"कप आत नेऊ लागतेस का जरा?" मावशी सुनेला म्हणाली.

आत मोरीपाशी मावशीने तिचा हात हलकेच धरला. सून दचकली, केवढी तरी दचकली.

"कुणी शिवलं हे?"

"मीच."

"का गं?"

"उन्हाने हात काळे पडतात."

"घराबाहेर पडतेस तू?"

सुनेने खाली पाहिलं. मावशीने बाही वर केली नाही. करायची गरजच नव्हती. "हे बघ," ती हळूच म्हणाली, "माझं दुकान दिवसभर उघडं असतं. काही निमित्त काढ. बटण तुटलं म्हण. पण ये."

ती बाहेर आली तेव्हा मुलाची आई हळहळत होती. "थोरलीचं फार वाईट झालं हो. जिन्यावरून ना?"

"हो," बाप घाईने म्हणाला, "जिन्यावरून."

"नाही," मावशी म्हणाली.

ती दारातच उभी राहून बोलली. "माझी पोर मार खाऊन गेली. मारल्याच्या खुणा दिसू नयेत म्हणून तिने बाह्या लांब करून मागितल्या आणि मी करून दिल्या. मी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. नगरभवनात गोधडी लागणार आहे, तिच्यावर तिचं नाव असेल. आणि धाकटीची बाही कोपरापर्यंतच राहील. हिच्या हाताला झालेलं काहीही मला लांबून दिसलं पाहिजे. चालत असेल तर बघा."

मग मुलाच्या आईचं हसू मावळलं. "घरातलं असं चव्हाट्यावर मांडणारी माणसं आम्हाला नकोत. मोठ्या घरात थोडंफार सगळीकडेच होतं. सोसतात बायका."

धाकटीने मुलाकडे पाहिलं. फार आशेने पाहिलं. "तुम्ही काहीतरी बोला ना."

तो बुटांच्या नाड्यांशी चाळा करत होता. "आई म्हणेल तसं."

धाकटी उठली. तिने कापडाची घडी केली, अगदी नीट, कडेला कड जुळवून, आणि मुलाच्या आईच्या पिशवीत ठेवली. मग ती आत गेली आणि रडली. एका रविवारी एवढं मोडल्यावर कुणीही रडेल.

पाहुणे गेल्यावर बाप भडकला. "वाटोळं केलंस! पोरीच्या आयुष्याचं वाटोळं केलंस!" मावशीने आकाशी बाही उसवली, जोडासकट सपाट केली, तिचा चौकोन कापला आणि लाल दोरा घेतला. डोळे भरल्यामुळे सुईत दोरा काही जाईना. दोनदा, चारदा, जाईचना. तो बघत उभा राहिला. मग भिंग आणून डोळ्याला लावत त्याने तिच्या हातातली सुई घेतली आणि दोरा ओवून दिला.

"ती एकदा पळून आली होती," तो भिंग न काढता म्हणाला. "तू बाहेर गेली होतीस. माझ्या पाया पडत होती. मीच तिला रिक्षात घालून परत सोडून आलो. म्हटलं, होईल सगळं नीट."

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. या माणसाला शिव्या द्याव्यात की जवळ घ्यावं, तिला कळेना. शेवटी ती म्हणाली, "पहिलं अक्षर तू काढ." त्याने काढलं. वाकडं आलं, आणि तसंच ठेवलं.

गोधडी लागली. नाव लागलं. ते मी इथे सांगत नाही, कारण सांगितलं की तुम्ही म्हणाल, "अस्सं, ती होय!" आणि सुटकेचा श्वास सोडाल. ती तुमच्या ओळखीतली नव्हती, असं कशावरून? गोधडीसमोर बरेच लोक आले. काही जण चौकोनावरचा जोड बघून पुढे गेले, काही परत फिरून आले. बिननावाचे चौकोन दिलेल्या दोन घरची माणसं सुई-दोरा घेऊन आली आणि तिथेच खाली बसून त्यांनी आपापल्या लेकीचं नाव काढलं.

धाकटीला अजून दुसरं स्थळ आलेलं नाही. गल्लीतल्या काही बायका शिलाई दुसरीकडे टाकतात. तेवढं झालंच. पण आता कुणी बाही लांब करायला आणली की मावशी टेप बाजूला ठेवते आणि विचारते, "का गं?" बहुतेकींची फॅशनच असते. तरी ती विचारते.

परवा भर दुपारी ती सून दारात उभी राहिली. श्वास लागलेला, हातात मोठी फुगलेली पिशवी.

"मावशी," ती म्हणाली, "बटण तुटलंय."

मावशीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ड्रेसला बटण नव्हतंच.

"ये," ती म्हणाली. "बस आधी. जेवलीस का?" आणि शटर अर्धं खाली ओढून तिने नर्सबाईला फोन लावायला जेवायला घरी आलेल्या धाकटीला हाक मारली.

नर्सबाई आली. सुनेने स्वतः बाही वर केली तेव्हा तिने दंड पाहिला, औषध लावलं, निवाऱ्याचा पत्ता दिला. निघताना मावशीला म्हणाली, "गोधडीत अजून एका चौकोनाची जागा उरली आहे हो."

मावशी त्या पोरीच्या बाहीचा जोड उसवत होती.

"राहू दे रिकामी," ती म्हणाली.