छतातली बाग

मास्तरांनी अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवली होती आणि उरलेलं अर्धं गाव त्यांच्या शिकाऊ गाड्यांना चुकवण्यात तरबेज झालं होतं. नवशिक्यांच्या शेजारी बसून बसून त्यांच्या पायाला अशी खोड लागली होती, की घरी कुणी पाण्याचं भांडं टेबलाच्या अगदी कडेला ठेवलं तरी त्यांचा पाय खाली ब्रेक शोधायचा. माणूस नाकासमोर चालणारा, गाडीही तशीच. एकदा निघाले की पोचेपर्यंत थांबायचं नाही, हा नेम.

त्यांच्या बायकोला सगळं गाव बाई म्हणायचं, कारण त्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत. दर सुट्टीत दोघं गाडीने बाईंच्या माहेरी जात. हमरस्त्यावर निम्म्या वाटेत एक फाटा लागे. तिथे एक निळी पाटी होती आणि शेतांच्या पलीकडे, झाडांच्या डोक्यांवर, दोन दगडी मनोरे दिसत. ते विद्यापीठाचं जुनं, लहानसं शहर. तिथल्या ग्रंथालयाच्या मोठ्या दालनात कुणा जुन्या चित्रकाराने सगळ्या छतभर बाग रंगवली होती. बाईंच्या गुरुजींनी ती तरुणपणी पाहिली होती आणि म्हातारपणापर्यंत त्यांच्या बोलण्यातून ती गेली नव्हती. "पानांच्या आड त्याने आपल्या हाताखालच्या माणसांचे चेहरे दडवलेत," ते वर्गात सांगत. "आधी एकही दिसत नाही. मग एक दिसतो. आणि एकदा दिसला की पाय निघत नाही."

फाटा जवळ आला की बाई म्हणत, "अहो, वळायचं का?"

"परतताना बघू," मास्तर म्हणत.

परतताना कधी उशीर झालेला असे, कधी सोमवारी सकाळी नव्या शिकाऊंची तुकडी यायची असे, कधी आभाळ भरून आलेलं असे. सबबींना काय तोटा? बाई मनोरे मागे पडेपर्यंत मान वळवून बघत आणि मग दुसराच विषय काढत. वर्षं अशीच गेली. बाईंचे आईवडील गेले, माहेरचं दार बंद झालं, आणि त्या रस्त्याला जायचं कारणही उरलं नाही.

मग बाईंच्या डाव्या डोळ्याचं दुखणं सुरू झालं. त्यांनी फळ्यावर रेघ ओढली आणि त्यांना ती मधेच वाकलेली दिसली. पुसून पुन्हा ओढली, तरी तेच. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, सरळच आहे की." काही महिन्यांत त्या डोळ्याच्या मधोमध एक करडा डाग बसला. जिथे नजर लावावी, तीच गोष्ट नाहीशी व्हायची.

एका संध्याकाळी त्या मास्तरांना म्हणाल्या, "उजवा चांगला आहे तोवर मला ती बाग दाखवून आणा."

त्यात लाडीगोडी नव्हती, चेष्टा नव्हती. मास्तरांना ते कळलं, आणि कळलं म्हणूनच ते उसळले. "अभद्र बोलू नकोस. उजव्याला काय धाड भरली आहे? आधी डावा बरा होऊ दे, मग सावकाश जाऊ."

बाईंनी पुन्हा विचारलं नाही. मास्तरांना वाटलं, आपण बायकोला धीर दिला. खरं तर तिला तिथे नेणं म्हणजे दुसरा डोळाही जाणार हे कबूल करण्यासारखं होतं, आणि तेवढं धैर्य त्यांच्यापाशी नव्हतं. दोन वर्षांत उजवा डोळाही त्याच वाटेने गेला.

मोठ्या शहरातल्या डॉक्टरने शेवटची तपासणी केली तेव्हा फार शब्द वापरले नाहीत. कडेचं दिसतं तेवढं राहील, मधलं परत येणार नाही, आता नुसत्या औषधासाठी एवढ्या लांब येऊ नका. बाईंनी डॉक्टरचे आभार मानले. मास्तर पायऱ्या उतरताना अडखळले आणि बाईंनीच त्यांना सावरलं.

परतीच्या वाटेवर रेडिओ आपला वाजत होता. अचानक मास्तरांना निळी पाटी दिसली. आज आपण माहेरच्या त्या जुन्या रस्त्याला लागलो आहोत हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी वळायचा दिवा लावला आणि गाडीत टिक-टिक सुरू झाली.

"कुठे वळताय?" बाईंनी विचारलं.

"फाट्याला."

बाईंनी पदराने... नाही, त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही. मास्तरांनी चोरून पाहिलं तर त्या केस नीट चापत होत्या, पाहुण्यांकडे जाताना चापतात तशा.

जुन्या शहरात गाड्यांना मज्जाव होता. नदीकाठी गाडी लावून दोघं अरुंद पुलावरून चालत निघाली. रस्ता दगडी, उंचसखल. बाईंनी मास्तरांचा दंड धरला होता आणि मास्तर सवयीने सूचना देत होते. "हळू. डावीकडे घे. पुढे चढ आहे. थांब, सायकल येते आहे, जाऊ दे तिला."

"आता गिअर बदला म्हणू नका म्हणजे झालं," बाई म्हणाल्या. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं हसणं ते.

कमानींखाली मुलंमुली पुस्तकं मांडीवर घेऊन बसली होती आणि वाचण्यापेक्षा बडबडच जास्त करत होती. एका बोळातून बाइंडिंगच्या खळीचा वास आला, तिथे बाई क्षणभर थांबल्या. मास्तरांना मात्र राहून राहून एकच दिसत होतं, की शहर चिमुकलं आहे. या टोकाला उभं राहून त्या टोकाला हाक मारावी एवढंच. एवढ्याशा गावाला आपण आयुष्यभर वळसा घातला.

ग्रंथालयाच्या दाराशी एक प्रौढ रखवालदारीण बसली होती. लाकडी जमीन जपायची म्हणून तिने दोघांना बुटांवर चढवायला कापडी खोळी दिल्या. मास्तर त्या घालून घसरत घसरत चालू लागले. दालन लांबलचक होतं, दोन्ही बाजूंना वरपर्यंत पुस्तकं, आणि वर बाग.

बाईंनी मान वर केली. मग त्यांच्या नव्या सवयीप्रमाणे ती जरा बाजूला वळवली, कारण आता काही बघायचं तर त्यांना दुसरीकडेच बघावं लागे. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या.

"दिसतं का काही?" मास्तरांनी विचारलं.

"उजेड दिसतो. हिरवा-पिवळा गाळ ढवळल्यासारखा. तुम्ही सांगा, काय आहे?"

मास्तरांनी वर पाहिलं. "झाडं आहेत. पानं, फळं. पक्षी आहेत दोन-चार."

"पानं कसली हिरवी आहेत?"

"हिरवी म्हणजे... हिरवी. सिग्नलसारखी."

बाई एवढ्या मोठ्याने हसल्या, की टेबलांवरच्या चार माना वर झाल्या. मास्तरही हसले आणि पुन्हा वर बघू लागले. पानं सिग्नलसारखी नव्हती. तिथे निदान वीस तऱ्हेचे हिरवे होते आणि त्यांतल्या एकाचंही नाव त्यांना ठाऊक नव्हतं. ती नावं जिला ठाऊक होती, ती शेजारी उभी राहून भिंतीकडे बघत होती.

रखवालदारीण उठून आली. आता रागावते की काय म्हणून मास्तर सरसावले, पण तिने हातातला आरसा पुढे केला. "मान दुखणाऱ्यांसाठी ठेवतो आम्ही," ती हळूच म्हणाली. "जवळ धरून बघा ताई, जमलं तर."

बाईंनी आरसा छातीशी आडवा धरला, मग एका अंगाला नेला, तिरका केला, अजून थोडा. एकाएकी त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

"निळं आहे," त्या म्हणाल्या. "पानांच्या मधून निळं आहे. अहो, आभाळ ठेवलंय त्याने मधे." मग आरसा हलला आणि त्यांना ते पुन्हा सापडेना. त्यांनी खूप प्रयत्न केला. शेवटी आरसा परत देऊन म्हणाल्या, "चला, बाहेर बसू."

बाहेरच्या पायऱ्यांवर ऊन होतं. दोघं बसली. बाईंनी विचारलं, "फाट्यापासून इथे यायला किती वेळ लागला हो?"

मास्तर एरवी वेळेचा हिशेब चुकत नसत. "लागला की बराच," ते म्हणाले. "चांगला पाऊण तास."

"तीनच गाणी लागली रेडिओवर," बाई म्हणाल्या. "तिसरं संपायच्या आत तुम्ही गाडी बंद केलीत."

मास्तरांनी मान खाली घातली. एका बुटावर अजून ती कापडी खोळ होती, काढायची राहिलेली. ती काढत ते म्हणाले, "चुकलं माझं."

"हो, चुकलं," बाई म्हणाल्या. "आधीचं सगळं मी सोडून दिलं होतं. संसारात असं होतंच, मीही तुमच्या कितीतरी गोष्टी राहू दिल्या असतील. पण त्या संध्याकाळी मी तोंड उघडून मागितलं होतं. तेव्हा यायला हवं होतं."

"मला भीती वाटली गं."

"आणि मला काय वाटत होतं?"

मास्तर बाईंचा हात धरायला गेले. बाईंनी हात सोडवून घेतला नाही, पण त्यांचा हात दाबलाही नाही. खालच्या चौकात कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"तुम्ही पुन्हा आत जा," बाई म्हणाल्या. "चेहरे शोधा. मी इथे उन्हात बरी आहे."

"तुला एकटीला टाकून?"

"मी काही हरवत नाही. जा."

मास्तर गेले. या वेळी एका रिकाम्या बाकावर बसून, मान मागे टाकून ते नुसते बघत राहिले. बराच वेळ पानांशिवाय काही दिसेना. आपल्याला काही दिसणारच नाही, अशी त्यांची खात्री होत आली, आणि तेवढ्यात एका डाळिंबाशेजारी कुणाचे तरी दमलेले, अर्धवट मिटलेले डोळे दिसले. त्याच्या पलीकडे एक म्हातारा, गाल बसलेला. मग एक जांभई देणारा. मास्तरांची मान अवघडली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते कानात गेलं, तरी त्यांनी नजर हलवली नाही. रखवालदारिणीने येऊन खांद्याला हात लावला. बंद करायची वेळ झाली होती.

बाहेर आल्यावर त्यांना सगळं एकदम सांगायचं होतं. बाई म्हणाल्या, "इथे नको. गाडीत सांगा, सावकाश."

दिवस कलताना ते हमरस्त्याला लागले. मास्तरांनी रेडिओ बंद केला आणि कधी नव्हे ती गाडी हळू चालवली. डाळिंबाशेजारचा चेहरा सांगितला, म्हातारा सांगितला, जांभई सांगितली. रंग सांगताना ते अडखळत आणि बाई शब्द पुरवत. "पिकायला आलेल्या लिंबासारखा का?" "नाही, त्याहून मळका." "मग वाळलेल्या गवतासारखा." "हां, तसा." कधी त्यांचं त्यांनाच आठवेना, की तो पक्षी कुठल्या फांदीवर होता, आणि मग ते मनाचंच ठोकून देत.

एका चेहऱ्याबद्दल ते फार वेळ बोलले. तो कोपऱ्यात होता, खांबाच्या अगदी वर, आणि खाली दालनात कोण येतं याची वाट बघत असावा तसा त्याचा रोख दाराकडे होता. "तुला काय वाटतं, चित्रकार स्वतःच असेल का तो?" त्यांनी विचारलं.

उत्तर आलं नाही. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांत त्यांनी वळून पाहिलं. बाईंची मान खिडकीकडे कलली होती आणि ओठ किंचित उघडे होते. श्वास संथ चालला होता; केव्हा झोप लागली होती, कोण जाणे.